श्वासाकडे लक्ष दिल्यानं मन खरंच शांत होतं का? आणि त्यातून काही नवीन सुचतं का?

"एक दीर्घ श्वास घे." परीक्षा केंद्राच्या फाटकाशी आई सांगते. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलं की डॉक्टर सांगतात. आता तर मनगटावरचं स्मार्टवॉचही अधूनमधून थरथरून हेच सांगायला लागलंय.

सल्ला इतका जुना आणि फुकटचा आहे की तो तपासून बघावा असं कुणाला वाटत नाही. मात्र गेल्या काही वर्षांत त्याच्याभोवती मोठा बाजार उभा राहिला आहे. श्वास मोजणारी मोबाईल अ‍ॅप्स, 'ब्रेथवर्क'चे ऑनलाइन कोर्स, कॉर्पोरेट ऑफिसांतल्या कार्यशाळा, शनिवार-रविवारची निवासी शिबिरं. बाजार वाढला तसे दावेही वाढले. आधी 'मन शांत होईल' एवढंच सांगितलं जायचं. आता 'सर्जनशीलता वाढेल, नव्या कल्पना सुचतील' असंही ऐकू येतं, आणि त्यासाठी काही हजारांची फी लागते.

यातलं किती खरं आहे? थोडक्यात उत्तर असं: शांत होण्याबद्दलचा पुरावा बऱ्यापैकी आहे आणि ते शरीरात कसं घडतं हेही आता बरंच कळलं आहे. सुचण्याबद्दलचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे, आणि त्याला काही अटी आहेत. या दोन गोष्टींमध्ये एक दुवा आहे. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या, निळसर रंगाच्या एका छोट्याशा पुंजक्यापाशी सापडतो.

आपोआप चालणारी, तरी हातात येणारी गोष्ट

हृदयाचे ठोके ठरवून कमी करता येत नाहीत. जेवण पचवायचा वेग वाढवता येत नाही. डोळ्यांची बाहुली मनात आणून लहान-मोठी करता येत नाही. शरीरातली ही सगळी कामं स्वायत्त मज्जासंस्था परस्पर सांभाळते आणि आपल्याला विचारतही नाही.

श्वास मात्र दोन मालकांचा नोकर आहे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. दिवसाचा हिशेब वीस हजारांच्या आसपास जातो. त्यातल्या बहुतेक श्वासांची आपल्याला खबरही नसते. झोपेतही ते चालूच असतात. पण मनात आलं तर आपण तो रोखू शकतो, लांबवू शकतो, बोलण्यासाठी तोडू शकतो, बासरीत फुंकू शकतो.

आपोआप चालणाऱ्या श्वासाची लय मेंदूच्या देठात तयार होते. जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या जागेची माहिती प्रसिद्ध केली. तिचं नाव 'प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स'. नाव भारदस्त वाटत असलं तरी त्यामागची गोष्ट गमतीची आहे. शेजारच्या भागाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा फेल्डमन जर्मनीत एका परिषदेला गेले होते आणि समोरच्या टेबलावर बॉट्झिंगर वाईनची बाटली होती. मेंदूच्या एका भागाचं बारसं असं झालं.

ही जागा फुप्फुसांना हुकूम सोडते, एवढंच तिचं काम असेल असं बराच काळ मानलं जात होतं. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि यूसीएलएच्या संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला आणि चित्र बदललं. या केंद्रातल्या साधारण १७५ चेतापेशींचा एक गट श्वासाची लय तयार करत नव्हता, तर तिच्यावर 'कान ठेवून' होता. त्या लयीची खबर तो मेंदूतल्या दुसऱ्या एका केंद्राला पोचवत होता. संशोधकांनी एवढ्याच पेशी निकामी केल्या. उंदरांचा श्वास चालू राहिला, स्वभाव मात्र पालटला. नव्या पिंजऱ्यात ठेवलेला उंदीर एरवी सगळीकडे हुंगत, धावत सुटतो. हे उंदीर एका जागी बसून निवांतपणे अंग साफ करत होते.

खबर पोचत होती त्या केंद्राचं नाव 'लोकस कोरुलियस', म्हणजे लॅटिनमध्ये 'निळी जागा'. सुरुवातीला उल्लेख झालेला निळसर पुंजका तो हाच. मेंदूतल्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा हा मुख्य पुरवठादार. आपण जागे, सावध, उत्तेजित किंवा घाबरलेले असण्यात या रसायनाचा मोठा वाटा असतो. श्वास जलद झाला की या जागेला संदेश जातो की काहीतरी गडबड आहे.

म्हणजे घाबरल्यामुळे श्वास वाढतो, हे तर आपल्याला ठाऊक होतंच. श्वास वाढल्यामुळेही मेंदू सावध होतो, ही उलटी वाटही या प्रयोगातून दिसली. प्रयोग उंदरांवरचा होता आणि माणसाचा मेंदू कितीतरी गुंतागुंतीचा आहे, हे खरंच. पण पुढच्याच वर्षी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या मायकेल मेल्निचक आणि सहकाऱ्यांनी माणसांमध्ये श्वास, डोळ्यांच्या बाहुलीचा आकार आणि मेंदूचं स्कॅन एकत्र तपासलं. श्वास आत घेताना निळ्या जागेची हालचाल किंचित वाढते आणि सोडताना कमी होते, असा संबंध त्यांना दिसला.

'दीर्घ श्वास घ्या' हा सल्ला अर्धाच बरोबर

दोन बोटं मनगटावरच्या नाडीवर ठेवा आणि सावकाश श्वास घेऊन सोडा. श्वास आत घेताना ठोके जरा भरभर पडतात, सोडताना रेंगाळतात. तरुण, निरोगी माणसात हा फरक बोटांनाही जाणवू शकतो. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८४७ मध्येच याची नोंद केली होती. हा हृदयाचा बिघाड नव्हे. उलट, ती चांगली खूण मानली जाते.

यामागे व्हेगस नावाची नस असते. मेंदूपासून निघून मानेतून खाली हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जाणारी ही लांबलचक नस हृदयासाठी ब्रेकचं काम करते. श्वास सोडताना ब्रेक दाबला जातो, घेताना ढिला होतो. म्हणून श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवला की ब्रेक जास्त वेळ दाबलेला राहतो. शांत होण्याचं सगळ्यांत सोपं तंत्र एवढंच आहे.

'खोल श्वास घेतल्यानं शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो' हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपपासून शिबिरांपर्यंत सगळीकडे फिरतं, पण ते दिशाभूल करणारं आहे. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बसल्या जागी ९५ ते १०० टक्के ऑक्सिजननं भरलेलंच असतं. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर हे अनेकांनी स्वतः पाहिलं आहे. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून उपयोग नसतो.

बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. भरभर, मोठे श्वास घेतले की तो प्रमाणाबाहेर शरीराबाहेर पडतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोकं हलकं होतं, ओठ आणि बोटांना मुंग्या येतात. घाबरलेल्या माणसाला नुसतं 'जोरजोरात श्वास घे' म्हटलं तर तो आणखी घाबरण्याची शक्यता असते. अशा वेळी 'सावकाश श्वास सोड' हे सांगणं जास्त कामाचं.

मराठीत यासाठी एक नेमका उद्गार आधीपासून आहे: हुश्श. संकट टळलं, बस मिळाली, निकाल लागला की तोंडातून आपोआप निघणारा तो लांब उच्छ्वास. सुस्कारा, उसासा हेही त्याच घरातले. सुस्काऱ्याचं एक शारीरिक कामही असतं. माणसाच्या फुप्फुसात सुमारे ४८ कोटी सूक्ष्म वायुकोश असतात आणि त्यातले काही अधूनमधून मिटून बसतात. ते पुन्हा उघडण्यासाठी शरीर दर काही मिनिटांनी, आपल्या नकळत, एक दुप्पट मोठा श्वास घेतं. हे घडवून आणणारी मेंदूतली साखळी फेल्डमन आणि स्टॅनफर्डचे मार्क क्रॅस्नो यांच्या गटांनी २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली.

स्टॅनफर्डमध्येच या सुस्काऱ्याची पुढे परीक्षा घेतली गेली. २०२३ मध्ये 'सेल रिपोर्ट्स मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात शंभरावर लोकांना चार गटांत विभागलं होतं. एका गटानं रोज पाच मिनिटं ठरवून सुस्कारे टाकायचे: नाकानं श्वास, त्यावर आणखी एक छोटा श्वास, मग तोंडानं लांब उच्छ्वास. दुसऱ्यानं घेणं, रोखणं, सोडणं, रोखणं असा चौकोनी श्वास करायचा. तिसऱ्यानं भरभर श्वास घेऊन मग रोखायचा. चौथ्यानं श्वासात काहीही बदल न करता त्याच्याकडे फक्त लक्ष ठेवायचं. महिनाभरानंतर चारही गटांची चिंता कमी झाली होती आणि त्याबाबत गटांत फारसा फरक नव्हता. प्रसन्न वाटण्याच्या बाबतीत मात्र सुस्कारे टाकणारा गट पुढे होता.

मिनिटाला सहा

श्वासाचा वेग मिनिटाला साधारण सहापर्यंत आणला की आणखी एक गोष्ट घडते. रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची स्वतःची एक लय असते, तिचं एक आवर्तन सुमारे दहा सेकंदांचं. श्वासही दहा सेकंदांना एक झाला की दोन्ही लयी जुळतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिला की तो उंच जातो, तसं हृदयगतीतला चढ-उतार मोठा होतो.

इटलीतल्या लुचिआनो बर्नार्डी यांच्या गटानं २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याबद्दल एक सुंदर निरीक्षण छापलं. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली 'आवे मारिया' ही जपमाळेवरची प्रार्थना म्हणायला लावली, आणि बौद्ध परंपरेतला एक मंत्रही. दोन धर्म, दोन खंड, दोन भाषा. पण दोन्ही पठणांत श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला. प्रार्थना बांधणाऱ्यांकडे स्टॉपवॉच नव्हतं. तरी एका दमात म्हणता येईल आणि मन निवेल अशी लांबी त्यांनी शोधून काढलेली दिसते. एका श्वासात एक ओळ अशा बेतानं सावकाश म्हटलेल्या कुठल्याही स्तोत्राला किंवा अभंगाला हेच तत्त्व लागू होऊ शकतं. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून बसणाऱ्या आजीला अ‍ॅपची गरज का पडली नसावी, याचं एक उत्तर यात असू शकेल.

श्वास प्रयोगशाळेत नेण्याचं काम मात्र फक्त पाश्चात्त्यांनी केलं असं समजायचं कारण नाही. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा लोणावळ्यात आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये तिथं कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनाला वाहिलेलं नियतकालिकही. अमळनेरला शिक्षक असलेल्या या माणसाचा आग्रह सरळ होता: योगाबद्दल जे सांगितलं जातं ते मोजून दाखवा. एक्स-रे काढा, दाब मोजा, श्वासातल्या वायूंचं विश्लेषण करा. नौली करताना पोटात वातावरणापेक्षा कमी दाब तयार होतो, हे त्यांनी उपकरणं लावून दाखवलं आणि आपल्या गुरूंवरून त्याला 'माधवदास व्हॅक्यूम' असं नाव दिलं. शंभर वर्षांपूर्वीची ही शिस्त आजच्या अनेक ऑनलाइन गुरूंकडे नाही, हे सहज म्हणता येईल.

बदलायचा की फक्त बघायचा?

इथं एक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण सर्जनशीलतेचा मुद्दा त्यावर अवलंबून आहे.

प्राणायामात श्वास बदलला जातो. तो लांबवायचा, रोखायचा, या नाकपुडीतून त्या नाकपुडीत न्यायचा. आनापानात श्वास बदलायचा नसतो. तो आहे तसा बघायचा. पाली भाषेतल्या मज्झिम निकायात आनापानावर एक स्वतंत्र सुत्त आहे. सत्यनारायण गोएंका यांच्यामुळे ही पद्धत आधुनिक काळात सर्वदूर पोचली आणि तिचं मोठं केंद्र इगतपुरीच्या धम्मगिरीवर आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे दिवस फक्त आनापानाचे असतात. नाकपुड्यांपाशी आणि वरच्या ओठावर श्वासाचा स्पर्श जाणवतो का, एवढंच बघत बसायचं. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांतही मुलांना आनापान शिकवलं जातं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमाचं मूळही याच बौद्ध परंपरेत आहे. त्यांनी त्याचा धार्मिक भाग बाजूला ठेवला आणि त्याला 'माइंडफुलनेस' हे नाव जगभर मिळालं.

श्वास बघायला बसलेल्याला पहिल्या दोन मिनिटांत कळणारी गोष्ट म्हणजे मन तिथं थांबत नाही. लाइटबिल, कालचं भांडण, गाण्याची अर्धी ओळ. मग लक्षात येतं की भरकटलो, आणि माणूस परत श्वासापाशी येतो. बऱ्याच लोकांना वाटतं की आपल्याला हे जमत नाहीये. खरं तर भरकटल्याचं लक्षात येणं आणि परत येणं, हाच तो व्यायाम आहे.

सुचण्याशी याचा संबंध कसा?

सर्जनशीलता मोजायची कशी, हाच मुळात अवघड प्रश्न. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्ड यांनी १९५० मध्ये हा विषय संशोधनाच्या पटावर आणला. त्यांच्या परंपरेतली एक प्रसिद्ध चाचणी म्हणजे विटेचे जितके सुचतील तितके उपयोग सांगा. भिंत बांधायला, दाराला अडसर म्हणून, चूल मांडायला, स्टम्प म्हणून. एका प्रश्नातून अनेक उत्तरांकडे जाणारा हा विचार. दुसरा प्रकार उलटा, अनेक धाग्यांतून एकच उत्तर शोधणारा: तीन वेगवेगळे शब्द दिले आहेत, तिघांशीही जुळणारा चौथा शोधा.

नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या लोरेन्झा कोल्झाटो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ध्यान करणाऱ्या १९ जणांना अशा चाचण्या दिल्या. एकाच गोष्टीवर लक्ष खिळवणारं ध्यान केल्यावर ठळक फायदा दिसला नाही. येईल ते, कशालाही न चिकटता, बघत राहणारं 'मोकळं' ध्यान केल्यावर मात्र विटेसारख्या प्रश्नांना जास्त आणि वेगळी उत्तरं आली. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या मातेइस बास यांच्या गटानं २०१४ मध्ये माइंडफुलनेसची वेगवेगळी कौशल्यं सुटी करून तपासली. आतलं-बाहेरचं बारकाईनं टिपण्याच्या सवयीचा सर्जनशीलतेशी सातत्यानं संबंध दिसला. बाकीच्या कौशल्यांबाबत तसं ठामपणे म्हणता आलं नाही.

हे असं का होत असावं? इथं पुन्हा ती निळी जागा येते. नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढलं की लक्ष एका ठिकाणी आवळलं जातं. समोर साप असेल तेव्हा हे उत्तमच. पण दूरच्या दोन गोष्टी जोडायच्या असतील तर आवळलेलं लक्ष आडवं येतं. डेव्हिड बेव्हर्सडॉर्फ या मेंदूविकारतज्ज्ञानं १९९९ मध्ये दाखवलं होतं की, उलटसुलट अक्षरांतून शब्द ओळखण्याचं कोडं लोकांना नॉरअ‍ॅड्रेनालिनचा परिणाम रोखणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलनंतर अधिक चांगलं सुटतं, उत्तेजित करणाऱ्या एफेड्रिननंतर तितकं नाही. (हे वाचून कुणी औषधाच्या दुकानात जाऊ नये. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला धोक्याचं ठरू शकतं.) सावकाश श्वासानं ही उत्तेजना थोडी खाली येत असेल तर विचारांना हात-पाय पसरायला जागा मिळत असावी, असा तर्क करता येतो. साखळीतले दुवे वेगवेगळ्या प्रयोगांतून आलेले आहेत, त्यामुळे तूर्तास याला तर्कच म्हणायला हवं.

मेंदूच्या स्कॅनमधून आणखी एक गोष्ट पुढे येते. २०१८ मध्ये रॉजर बीटी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वेगळा विचार करणाऱ्यांच्या मेंदूत तीन जाळी एकमेकांशी जास्त घट्ट जोडलेली असतात: मोकळेपणी भटकणारं, लगाम धरणारं, आणि महत्त्वाचं काय ते निवडून एकाकडून दुसऱ्याकडे सूत्रं देणारं. श्वास बघताना माणूस नेमकं हेच करत असतो. भटकतो, त्याची नोंद घेतो, परत येतो.

तरीही हात राखूनच बोललं पाहिजे. विटेचे वीस उपयोग सांगणं म्हणजे कादंबरी लिहिणं नव्हे. १९ जणांच्या अभ्यासावर जगाचा कोर्स विकता येत नाही. शिवाय ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्येच सुचण्याच्या प्रक्रियेचे टप्पे सांगितले होते: आधी तयारी, मग विषय मनात मुरू देणं, मग अचानक उजेड पडणं, आणि शेवटी पडताळणी. श्वासाचा उपयोग झालाच तर मधल्या दोन टप्प्यांत होईल. वाचन, रियाझ, खोडाखोड, गिऱ्हाइकाशी डोकेफोड हे त्यात येत नाही. तयारीच नसलेल्या डोक्यात शांततेमुळे उजेड पडत नाही, फक्त छान झोप लागते. तीही काही वाईट नाही म्हणा.

बाजाराला न आवडणारा प्रयोग

२०२३ मध्ये ब्रिटनमधल्या गाय फिंचम आणि सहकाऱ्यांनी श्वासाच्या व्यायामांवरचे आधीचे १२ प्रयोग, एकूण ७८५ सहभागी, एकत्र तपासले. ताण कमी होण्यावर लहान ते मध्यम परिणाम दिसला. ही बातमी खूप फिरली.

त्याच गटाचा त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग फारसा फिरला नाही. ४०० जणांपैकी निम्म्यांना मिनिटाला साडेपाच असा 'आदर्श' श्वास दिला गेला. उरलेल्यांना मिनिटाला बारा, म्हणजे जवळपास नेहमीसारखाच, पण तसाच ठेक्यावर. रोज दहा मिनिटं, चार आठवडे. शेवटी दोन्ही गटांना बरं वाटत होतं, आणि दोघांत मोजण्याजोगा फरक नव्हता.

म्हणजे सावकाश श्वासाचा उपयोगच नाही का? तसं नाही. त्या क्षणी हृदयगती आणि उत्तेजना बदलते, हे वर पाहिलेलं शरीरशास्त्र कुठं जात नाही. पण महिनाभरानं वाटणाऱ्या स्वस्थतेत नेमक्या आकड्याचा वाटा किती आणि रोज दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून एका जागी बसण्याचा किती, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. 'आमचाच आकडा, आमचंच तंत्र' असं सांगून पैसे घेणाऱ्यांना तो अडचणीचा आहे. तुमच्या-आमच्यासाठी मात्र ती चांगली बातमी आहे. आकडा चुकला तरी फार बिघडत नाही.

हे कुणी जपून करावं?

ध्यान सगळ्यांना मानवतंच असं नाही. ८३ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २०२० मधल्या एका शोधनिबंधात सुमारे ८ टक्के लोकांना चिंता, उदासी यांसारखे त्रास झाल्याचं आढळलं होतं. ज्यांना पॅनिक अ‍ॅटॅक येतात त्यांच्यापैकी काहींना श्वासाकडे लक्ष देणंच भीतिदायक वाटतं, कारण त्यांची भीती श्वासापाशीच सुरू होते. अशांनी पायाचे तळवे जमिनीला टेकल्याचा स्पर्श किंवा आजूबाजूचे आवाज यांवर लक्ष ठेवलं तरी चालतं.

कपालभाती, भस्त्रिका यांसारखे वेगवान प्रकार उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी परस्पर करू नयेत. भरभर श्वास घेऊन मग पाण्याखाली दम धरण्याचा खेळ तर जिवावर बेततो. कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यामुळे 'श्वास घे' हा इशारा उशिरा येतो आणि तोवर माणूस बेशुद्ध होतो. उन्हाळ्यात विहिरीवर आणि नदीवर पैजा लावणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आठवड्यानुआठवडे झोप नाही, कशात रस नाही, छातीत धडधड थांबत नाही, जगावंसं वाटत नाही, अशा माणसाला 'जरा श्वासाकडे लक्ष दे' म्हणणं पुरेसं नाही. उलट, हेही जमत नाही म्हणून तो स्वतःलाच दोष देत बसण्याची शक्यता जास्त. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मोफत हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तिथं मराठीतही बोलता येतं.

करून बघायचं असेल तर

लॅपटॉपसमोर ईमेल वाचताना लोक नकळत श्वास रोखून धरतात, असं तंत्रज्ञान क्षेत्रातल्या लिंडा स्टोन यांनी २००८ मध्ये लिहिलं होतं आणि त्याला 'ईमेल अ‍ॅप्निया' असं नाव दिलं होतं. ते त्यांचं निरीक्षण होतं. पण आत्ता हे वाचताना तुमचे खांदे कुठं आहेत, ते बघायला हरकत नाही.

पेपर हातात पडण्याआधी, मुलाखतीच्या खोलीबाहेर, भांडणाच्या मध्यात, म्हणजे तातडीची गरज असेल तेव्हा: नाकानं श्वास घ्या, तो भरल्यावर आणखी चिमूटभर घ्या, मग तोंडानं लांबवत सोडून द्या. दोन-तीन वेळा पुरे. त्याहून जास्त वेळ असेल तर चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा, आणि हे पाच मिनिटं चालू द्या. छाती फुगवायची गरज नाही. पोट हलकं वर-खाली होऊ द्या.

काही सुचण्यासाठी बसत असाल तर क्रम थोडा वेगळा. आधी विषयात मनसोक्त डोकं घाला, अडेपर्यंत. मग उठून दुसरीकडे बसा. पहिली काही मिनिटं श्वासावर लक्ष ठेवा, नंतर तेही सोडा. पंख्याचा आवाज, रस्त्यावरचा हॉर्न, पाठीतली कळ, मनात आलेलं वाक्य, जे येईल ते नुसतं बघा. फोन दुसऱ्या खोलीत राहू दे. कागद आणि पेन मात्र हाताशी ठेवा, कारण अशा वेळी आलेली गोष्ट चहा होईपर्यंतही टिकत नाही.